वाट शोधणारे तंतू : किशोरवयातील मेंदू आणि मनाचे आजार

प्रत्येक रोगाचे एक वय असते, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. गोवर आणि डांग्या खोकला ही प्रायः बालपणाची दुखणी. मोतीबिंदू आणि कंपवात ही उतारवयाची. पंधरा ते पंचवीस या वर्षांत शरीर सर्वांत चपळ आणि बळकट असते, आणि दवाखान्याची पायरी चढण्याचे प्रसंग त्या मानाने कमी येतात. तथापि मनाचे गंभीर आजार मात्र नेमके याच वयात डोके वर काढतात. असे का व्हावे? या वयात मेंदूमध्ये असे काय घडत असते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

हे निरीक्षण नवे नाही. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका आजाराला ‘अकाली बुद्धिभ्रंश’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. म्हातारपणी बुद्धी क्षीण होते हे सर्वांना ठाऊक होते; परंतु ऐन तारुण्यात विचारांची घडी विसकटावी, ही गोष्ट त्यांना इतकी लक्षणीय वाटली की त्यांनी ती आजाराच्या नावातच गोवली. पुढे १९०८ मध्ये स्वित्झर्लंडमधील वैद्य ऑयगेन ब्लॉयलर यांनी त्याच आजाराला ‘स्किझोफ्रेनिया’ हे नाव सुचविले. मराठीत आपण त्यास छिन्नमनस्कता म्हणतो.

आता या निरीक्षणाला आकड्यांचा आधारही मिळाला आहे. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनात निरनिराळ्या देशांतील १९२ अभ्यासांची आणि सात लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करण्यात आली. मनोविकार जडलेल्या व्यक्तींपैकी ३४.६ टक्क्यांच्या आजाराची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापूर्वी, ४८.४ टक्क्यांची अठराव्या वर्षापूर्वी, तर ६२.५ टक्क्यांची पंचविसाव्या वर्षापूर्वी झालेली आढळली. आरंभाचे प्रमाण सर्वाधिक दिसले ते साडेचौदा वर्षांच्या सुमारास. म्हणजे ज्या वयाचे विद्यार्थी आठवी-नववीच्या वर्गात बसलेले असतात, ते हे वय होय.

सर्पगंधेची मुळी

या कोड्याचा एक धागा एका रसायनापर्यंत जातो, आणि त्या रसायनाच्या शोधाची कथा आपल्या परिचयाच्या एका वनस्पतीपासून सुरू होते. सर्पगंधेची मुळी भारतात शतकानुशतके औषध म्हणून वापरली जात होती. बिहारमध्ये तिला ‘पागल की दवा’ असेच म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी वाढलेल्या रक्तदाबावर आणि उन्मादावर गुणकारी असल्याचे शास्त्रीय लेखाद्वारे मांडले. १९४९ मध्ये मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपले अनुभव ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या वनस्पतीकडे वेधले गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे सीबा कंपनीच्या प्रयोगशाळेत या मुळीतील प्रभावी द्रव्य वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव रिसर्पीन.

रिसर्पीन दिलेला ससा निश्चल होऊन बसे. त्याचे कान लोंबकळत आणि तो हालचाल करीनासा होई. स्वीडनमधील लुंड येथे आर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये अशा सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच वेळात ससे पूर्ववत हिंडूफिरू लागले. एल-डोपापासून शरीरात डोपामीन तयार होते. डोपामीन हे दुसरे एक रसायन तयार होतानाचा केवळ मधला टप्पा आहे, अशी तोवरची समजूत होती. कार्लसन यांनी असे दाखवून दिले की मेंदूत ते स्वतंत्रपणे वावरते, आणि रिसर्पीनमुळे त्याचा साठा रिता होतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचविणाऱ्या रसायनांपैकी डोपामीन हे एक आहे, हे यातून निष्पन्न झाले. या कार्याबद्दल कार्लसन यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

यानंतर दोन आजारांशी डोपामीनचा संबंध जुळला. १९६० मध्ये व्हिएन्ना येथे कंपवाताने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या मेंदूत डोपामीन फारच कमी उरल्याचे आढळले. दुसरा आजार छिन्नमनस्कता. १९५२ मध्ये पॅरिस येथे झां दले आणि पिएर दनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन हे औषध देऊन अनेक रुग्णांचे भ्रम शमविले होते. परंतु औषध नेमके काय करते हे कोणास ठाऊक नव्हते. चेतापेशींवर रासायनिक निरोप स्वीकारणारे जे रेणू असतात, त्यांना ‘ग्राही’ म्हणतात. क्लोरप्रोमाझीनसारखी औषधे डोपामीनचे ग्राही अडवून धरतात, ही गोष्ट पुढील दोन दशकांत स्पष्ट झाली. जे औषध या ग्राहींना अधिक घट्ट बिलगते, त्याची रुग्णास लागणारी मात्रा कमी असते, हेही दिसून आले.

तीन वाटा

मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्यांपैकी मध्यमेंदूतील डोपामीननिर्मात्या पेशी अवघ्या चार ते सहा लाख. परंतु या मूठभर पेशींचे तंतू दूरवर पसरलेले असतात. त्यांच्या मुख्य वाटा तीन. पहिली वाट शरीराच्या हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांकडे जाते. कंपवातात हीच उजाड होते. दुसरी वाट अ‍ॅक्युम्बेन्स नावाच्या लहानशा केंद्राकडे जाते. इच्छा, उत्साह आणि प्राप्तीची ओढ यांच्याशी तिचा संबंध आहे. तिसरी वाट सर्वांत लांब. ती कपाळामागील अग्रललाट भागात पोहोचते, जेथे आपण बेत आखतो, मोह आवरतो आणि एखादी गोष्ट क्षणभर मनात धरून तिच्यावर विचार करतो.

डोपामीन म्हणजे ‘सुखाचे रसायन’ असा समज रूढ आहे. तो पुरता बरोबर नाही. स्वित्झर्लंडमधील वोल्फ्राम शुल्त्स यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांतून एक सूक्ष्म गोष्ट पुढे आली. माकडाला अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की त्याच्या डोपामीन पेशी जोराने स्पंदत. रसापूर्वी नेहमी दिवा लागतो, हे माकडाने हेरल्यावर पेशी दिवा लागताच स्पंदू लागल्या. प्रत्यक्ष रस मिळताना त्या स्वस्थ राहिल्या. आणि दिवा लागूनही रस आला नाही, तर ठरलेल्या क्षणी त्यांचे स्पंदन मंदावले. अपेक्षा आणि अनुभव यांतील तफावत या पेशी जणू मोजत होत्या. कशाकडे लक्ष द्यावे आणि कशापासून धडा घ्यावा, हे ठरविण्याच्या कामी डोपामीन उपयोगी पडते, असे यावरून म्हणता येईल.

तिसऱ्या वाटेचे महत्त्व १९७९ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाने ध्यानात आले. माकडांच्या अग्रललाट भागातील केवळ डोपामीन नाहीसे केले असता, नुकतेच काय घडले ते लक्षात ठेवून कृती करण्याची त्यांची क्षमता इतकी घटली की जणू तो भागच कापून काढला असावा. पुढील संशोधनातून असेही दिसले की या भागात डोपामीनचे आधिक्यही हितावह नसते.

अपुरे बांधकाम

जन्माच्या वेळी मेंदू पूर्ण घडलेला नसतो, हे सर्वश्रुत आहे. परंतु शाळेत जाऊ लागेपर्यंत त्याची बांधणी संपत असावी, असा समज बराच काळ होता. १९७९ मध्ये शिकागोचे पीटर हुटेनलोखर यांनी निरनिराळ्या वयांत मृत्यू पावलेल्या व्यक्तींच्या मेंदूंचे पातळ काप तपासले. दोन चेतापेशी जेथे एकमेकींशी निरोपांची देवघेव करतात त्या जागेस अनुबंधन म्हणतात. ललाटखंडातील अशा अनुबंधनांची दाटी लहान वयात कमाल असते आणि किशोरवय सरेपर्यंत पुष्कळच विरळ होत जाते, असे त्यांना दिसले. माळी दाट वाफ्यातील रोपे उपटून उरलेल्यांना जागा करून देतो, त्यातलाच हा प्रकार. १९९९ मध्ये अमेरिकेतील जे गीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चुंबकीय प्रतिमांच्या साहाय्याने जिवंत मुलांच्या मेंदूंची वर्षानुवर्षे मोजणी करून याच स्वरूपाचा पुरावा मिळविला. ललाटखंडातील करड्या द्रव्याचे आकारमान मुलींमध्ये सुमारे अकराव्या, तर मुलांमध्ये सुमारे बाराव्या वर्षी कमाल होते आणि मग घटू लागते. मेंदूच्या मागील भागांची घडण आधी पुरी होते. विवेक आणि संयम यांचे आसन असलेला अग्रललाट भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो.

याच काळात डोपामीनची तिसरी वाटही अद्याप तयार होत असते. उंदीर आणि माकडे या दोहोंत किशोरवयात अग्रललाट भागातील डोपामीन तंतूंची दाटी वाढत जाते, हे १९८० आणि १९९० या दशकांत दिसून आले होते. मात्र तेथे आधीच असलेल्या तंतूंना नुसते फाटे फुटतात, की नवे तंतू दुरून चालत येतात, हा प्रश्न अनिर्णित होता. कॅनडातील माँट्रियल येथे सेसिलिया फ्लोरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याचे उत्तर मिळाले. किशोरवयीन उंदरांच्या अ‍ॅक्युम्बेन्सपर्यंत आलेल्या तंतूंपैकी काही तेथे न थांबता पुढे निघतात आणि अग्रललाट भाग गाठतात. मेंदूतील इतर लांब तंतू बहुधा जन्माच्या आसपासच आपला पल्ला पुरा करतात. इतक्या उशिरा इतका लांबचा प्रवास करणारे हे तंतू विरळाच.

या तंतूंना वाट कोण दाखविते? येथे पुन्हा आपल्या ओळखीचा एक शब्द भेटतो. १९९४ मध्ये अमेरिकेतील मार्क टेसिए-लाविन्य यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या गर्भाच्या मेंदूतून एक प्रथिन वेगळे करण्यात आले. वाढत्या तंतूंना दिशा दाखविणे हे त्याचे काम. संशोधकांनी त्याला संस्कृतमधील ‘नेतृ’, म्हणजे वाट दाखविणारा, या शब्दावरून नेट्रिन असे नाव दिले. तंतूच्या टोकावर नेट्रिनची खूण ओळखणारा एक ग्राही असतो. त्याचे नाव डीसीसी. ज्या डोपामीन तंतूंवर हा ग्राही विपुल असतो ते अ‍ॅक्युम्बेन्समध्येच मुक्काम करतात. ज्यांच्यावर तो क्वचित असतो ते पुढे जातात. संशोधकांनी किशोरवयीन उंदरांत हा ग्राही कृत्रिमरीत्या कमी केला, तेव्हा जे तंतू मागेच थांबावयास हवे होते तेही अग्रललाट भागात शिरले. परिणामी तेथील इतर पेशींची ठेवण बदलली आणि आवेग आवरण्याच्या कसोटीतील उंदरांचे वर्तनही बदलले.

त्याहूनही विचार करावयास लावणारी गोष्ट पुढे आहे. किशोरवयाच्या आरंभी उंदरांच्या नरांना अ‍ॅम्फेटामीन या उत्तेजक द्रव्याच्या मोठ्या मात्रा दिल्या असता त्यांच्यातील डीसीसी ग्राही आपोआप घटले आणि तंतूंची वाट चुकली. प्रौढ उंदरांत तसे झाले नाही. त्याच वयाच्या माद्याही या बिघाडापासून बचावल्या. मादक सेवनाच्या तोडीच्या मात्रेने जे झाले ते उपचारासाठी देतात तेवढ्या अल्प मात्रेने झाले नाही, हेही नमूद करणे अगत्याचे आहे. कारण अशी औषधे काही मुलांना वैद्यकीय सल्ल्यानुसार दिली जातात. उंदीर म्हणजे माणूस नव्हे आणि उंदराचे किशोरवय काही आठवड्यांतच सरते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरीही या प्रयोगांचा आशय स्पष्ट आहे. रस्ता बांधून झाल्यावर त्यावरून कितीही गाड्या गेल्या तरी त्याची दिशा बदलत नाही. परंतु आखणी चालू असताना एक खुंटी सरकली तर सारा रस्ता भलतीकडे जाऊ शकतो.

घडी कशी विसकटते

छिन्नमनस्कतेच्या रुग्णांत डोपामीनचे नेमके काय होते, हे जिवंत मेंदूत पाहणे १९९० च्या दशकात शक्य झाले. मेंदूतील खोल केंद्रांत रुग्णांचे डोपामीन प्रमाणाबाहेर स्रवते, असे १९९६ मधील अभ्यासात आढळले. २००९ मध्ये लंडन येथे ऑलिव्हर हाउझ यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. आजार पूर्णपणे प्रकट झालेला नाही, परंतु त्याच्या पूर्वखुणा दिसू लागल्या आहेत, अशा व्यक्तींमध्येही डोपामीनची निर्मिती वाढलेली असल्याचे त्यांना दिसले. याउलट अग्रललाट भागात रुग्णांचे डोपामीन कमी स्रवते, असे २०१५ मधील एका अभ्यासात आढळले.

आता शुल्त्स यांची माकडे पुन्हा आठवावीत. कशाला महत्त्व द्यावे याची खूण जे रसायन करते, ते अकारण स्रवू लागले तर काय होईल? रस्त्यावरील क्षुल्लक फलक अर्थपूर्ण वाटू लागेल. आकाशवाणीवरील बातम्या आपल्यालाच उद्देशून सांगितल्या जात आहेत, दोन अनोळखी माणसे हसली ती आपल्यालाच, असे भासू लागेल. मन या भासांची संगती लावू पाहते, आणि त्यातून भ्रम उभा राहतो. अनेक संशोधक भ्रमांची उपपत्ती आज अशी लावतात.

अर्थात् एका रसायनाने सर्व उलगडा होत नाही. अनुबंधने विरळ करण्याचे काम गरजेपेक्षा अधिक झाले तरी हानी होते, अशी कल्पना अर्विन फाइनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी मांडली होती. २०१६ मध्ये सी-४ नावाच्या जनुकाच्या अभ्यासातून तिला बळ मिळाले. या जनुकाचे जे प्रकार छिन्नमनस्कतेचा धोका वाढवितात, त्यांच्यामुळे मेंदूत सी-४ प्रथिन अधिक प्रमाणात तयार होते, आणि हे प्रथिन अनुबंधनांच्या छाटणीत भाग घेते. आनुवंशिकता, गर्भावस्थेतील हाल, बालपणीचा छळ, मादक द्रव्ये अशी अनेक कारणे एकत्र येतात. १९८७ मध्ये स्वीडनमधील ४५ हजारांहून अधिक सैनिकभरतीच्या तरुणांचा पंधरा वर्षांचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षापर्यंत ज्यांनी पन्नासाहून अधिक वेळा गांजावर्गीय द्रव्य घेतले होते, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे निदान इतरांच्या सहापट आढळले. आजाराच्या आरंभीच्या अस्वस्थतेमुळेही काही जण गांजाकडे वळत असतील, म्हणून सहापटीचे सर्व श्रेय गांजालाच देता येणार नाही. परंतु त्यानंतरच्या अनेक अभ्यासांतही हा संबंध टिकून राहिला आहे.

आळस की आजार?

यावरून किशोरवय म्हणजे केवळ संकट, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. साहसाची आवड, नव्याची ओढ आणि मित्रांच्या मताची किंमत ही त्या वयाची स्वाभाविक लक्षणे आहेत. २००५ मधील एका अमेरिकी प्रयोगात तेरा ते सोळा वर्षांची मुले मोटार चालविण्याच्या खेळात एकटी असताना जेवढा धोका पत्करीत, त्याहून कितीतरी अधिक मित्र पाहत असताना पत्करीत. चोवीस वर्षांवरील व्यक्तींवर मात्र मित्रांच्या उपस्थितीचा तसा परिणाम झाला नाही. हीच ओढ मुलाला घराबाहेर पडावयास, नवे कौशल्य शिकावयास आणि स्वतःचे मार्ग शोधावयास लावते. ज्या काळात बांधकाम बिघडू शकते, त्याच काळात ते उत्तमही होऊ शकते. बहुसंख्य मुले हे वय निर्विघ्नपणे पार करतात.

परंतु ज्यांना ते पार करता येत नाही त्यांची संख्या थोडी नाही. बंगळुरू येथील निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांपैकी ७.३ टक्क्यांना कोणता ना कोणता मनोविकार असल्याचे आढळले. पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात हे प्रमाण तीन ते चार मुलांचे होते.

असे मूल वर्गात कसे दिसते? कालपर्यंत हुशार असलेला विद्यार्थी अकस्मात मागे पडतो. मित्रांत मिसळेनासा होतो. रात्री जागतो, स्नान आणि कपडे यांकडे दुर्लक्ष करतो, संशयी बनतो, किंवा कोणालाही ऐकू न येणाऱ्या आवाजाकडे कान देतो. घरी त्याला आळशी म्हणतात. कोणी वाईट संगतीचा ठपका ठेवतो, कोणी बाधेचा. महिने उलटतात, आणि खरी हानी याच महिन्यांत होते. भ्रम सुरू झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत जितका अधिक काळ जातो, तितकी पुढे सुधारणा कमी होते, असे अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहे. वरीलपैकी एखादे लक्षण दिसले म्हणजे मनोविकार झालाच असे नव्हे; परीक्षा, घरातील कलह किंवा प्रियजनाचा मृत्यू यांमुळेही मूल खचते. निदान करणे हे वैद्याचे काम. बदल ध्यानात घेणे, मुलाशी शांतपणे बोलणे आणि त्याला वैद्यापर्यंत नेणे हे मात्र आपले काम आहे. भारत सरकारची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, स्वतः विद्यार्थ्यालाही, विनामूल्य सल्ला मिळू शकतो.

आणखी एक सूचना आवश्यक आहे. सर्पगंधेची कथा वाचून कोणी तिची मुळी घरच्या घरी देऊ नये. तिच्यामुळे रक्तदाब धोकादायकरीत्या उतरू शकतो आणि मन खिन्न होऊ शकते. मनोविकारांवर रिसर्पीन देण्याची पद्धत केव्हाच मागे पडली असून, तिच्या जागी अधिक सुरक्षित औषधे आली आहेत.

सर्पगंधेच्या मुळीपासून नेट्रिनपर्यंतच्या या प्रवासात विज्ञानाने मनोविकारावरचा एक जुना कलंक पुष्कळ अंशी पुसला आहे. सोळा वर्षांच्या मुलाचे मन बिघडते तेव्हा त्यात पूर्वजन्मीचे पाप नसते, आईबापांचे लाड नसतात, की त्याच्या इच्छाशक्तीचा दुबळेपणा नसतो. त्याच्या मेंदूतील काही तंतू अजून वाट शोधीत असतात. त्या काळात त्याला मादक द्रव्यांपासून दूर ठेवणे, पुरेशी झोप मिळू देणे, छळ आणि अपमान यांपासून जपणे, आणि तो अडखळला तर वेळ न दवडता हात देणे, हे घराला आणि शाळेला निश्चितच करता येण्यासारखे आहे.